डावं-उजवं

फादर टेबलाभोवती दोनदा फिरले, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, तेव्हाच काचवालीने ओळखलं, काहीतरी चुकलंय. चर्चच्या मोठ्या खिडकीसाठी रंगीत काचेचं चित्र करायचं काम तिच्या कारखान्यात चार महिने चाललं होतं. टेबलाच्या काचेखाली दिवे लावलेले, वर शेवटच्या न्यायाचं, म्हणजे जगाच्या अंती प्रभू भल्याबुऱ्यांची वाटणी करतात त्याचं चित्र तुकड्यातुकड्यांनी मांडलेलं. मधोमध प्रभू, एक हात आशीर्वादासाठी उंच केलेला. एका बाजूला मेंढरं, म्हणजे भली माणसं. दुसऱ्या बाजूला शेरडं, म्हणजे उरलेले आपण सगळे.

"काम सुरेख झालंय, बाई," फादर म्हणाले. "पण मेंढरं उजवीकडे हवीत ना?"

"उजवीकडेच आहेत की."

"तुमच्या उजवीकडे. प्रभू तुमच्याकडे तोंड करून उभे आहेत."

काचवालीने कपाळावर हात मारला. समोरच्याची उजवी बाजू म्हणजे आपली डावी, हे या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकतात, आणि ती साठीला आली होती. त्यातून सगळे तुकडे भट्टीतून निघालेले. भट्टीत जाण्याआधी काचेवरचा रंग बोटाने पुसता येतो. एकदा भाजला की खुद्द देव आला तरी निघत नाही.

"खिडकी उलटी बसवली तर?" फादरांनी विचारलं. "काच आहे, दोन्हीकडून दिसते. मेंढरं आपसूक जागेवर येतील."

"येतील. पण उंच केलेला हात डावा होईल. प्रभू डावरे होतील, फादर!"

फादर हसले. "माझी हरकत नाही. मात्र लोक विचारतील, तेव्हा उत्तर तुम्ही द्यायचं. शुक्रवारपर्यंत ठरवा."

ते गेल्यावर ती स्टुलावर बसून राहिली. देवाची चित्रं काढणारी माणसं मोठी भाविक असतात, असा लोकांचा समज असतो. काचवाली चर्चमध्ये जायची ती बहुतेक वेळा मापं घ्यायला. प्रार्थना म्हणावी असं तिच्याकडून काही होत असेल तर ते हातात ब्रश असताना, आणि तेही संतांपेक्षा पापी माणसं काढताना. संतांचे चेहरे एकसारखे निघतात, एक जमला की दहा जमतात. पापी माणूस मात्र ओळखीचा असावा लागतो. मेंढरांत तिने नाक मुरडणारी एक आत्या घातली होती, चांगुलपणाचा इतका तोरा दुसऱ्या कुणात सापडला नाही म्हणून. आणि शेरडांतल्या कोपऱ्यातल्या एकीचे डोळे तिने आरशात बघून काढले होते. त्या डोळ्यांत ती इतकी गुंतली, की डावं-उजवं कुठलं याचं भानच राहिलं नाही.

डावरा तिचा दादा होता. हा कारखाना तेव्हा बाबांचा, आणि बाबांचा नियम एकच, देवाचं चित्र उजव्या हाताने. दादाचा डावा हात ते फडक्याने कमरेला बांधून ठेवत. उजव्या हाताने दादा जे देवदूत काढी ते सगळे बटाट्यासारखे दिसत. एकदा बाबा बाहेर गेले असताना सोळा वर्षांच्या दादाने फडकं सोडलं, एक चेहरा काढला आणि फडकं पुन्हा बांधून ठेवलं. बाबा परत आले आणि त्या चेहऱ्यासमोर उभेच राहिले. "असा माझ्याही हातून उतरला नाही," म्हणाले.

दहा वर्षांच्या काचवालीचं कौतुक कुणी असं कधी केलं नव्हतं. तिचा जळफळाट झाला. दादा हात धुवायला गेला तेवढ्यात ती बाबांच्या कानाला लागली, चेहरा डाव्या हाताने काढलाय म्हणून. बाबा ओरडले नाहीत, नुसता अंगठा फिरवून त्यांनी चेहरा पुसून टाकला. दादा त्या दिवशी गेला तो परत कारखान्यात आला नाही. जन्मभर बस चालवली. लग्नाकार्यात भेटला की तिच्या ब्लडप्रेशरची चौकशी करायचा, कामाबद्दल अवाक्षर काढायचा नाही. कानाला कोण लागलं होतं, हे तिने त्याला कधीच सांगितलं नव्हतं.

तिने फोन लावला. "दादा, माझ्या हातून एक घोळ झालाय. येऊन बघशील का?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

"तुलाच कळेल. ये ना रे."

गुरुवारी दुपारी तो आला. दारात जरा घुटमळला, मग आत येऊन टेबलापाशी उभा राहिला. तिने घोळ सांगितला आणि त्याच दमात, धीर सुटायच्या आत, म्हणाली, "दादा, बाबांना मी सांगितलं होतं. फडकं सोडल्याचं."

दादाने चित्रावरची नजर काढली नाही. "मला वाटायचं, बाबांनीच ओळखलं. माझा हात ओळखला." त्याने टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. "तेवढं एक बरं वाटायचं गं."

तिला रडू फुटलं. मन हलकं करायला बोलावलं होतं त्याला, आणि त्याच्याकडे होतं नव्हतं तेवढंही आपण काढून घेतलं, असं तिला वाटलं. माफी मागायलाही तोंड उरलं नव्हतं.

दादा टेबलाच्या त्या बाजूला गेला, मग या बाजूला आला. वाकून कोपऱ्यातल्या शेरडाकडे बघत राहिला.

"ही तू ना?"

तिने मान हलवली.

"हिला इथे का घातलंस?"

"आणखी कुठे घालू?"

त्याने खिशातून रुमाल काढून तिच्यापुढे धरला. "उलटीच बसव खिडकी."

"आणि लोकांना काय सांगू?"

"काय सांगायचं ते सांग. पण वेडे, तू काढलेला प्रभूंचा तो हात बघितलास का? मी मघापासून बघतोय. सुलटी बसव नाहीतर उलटी बसव, उजवा म्हण नाहीतर डावा म्हण, हात शेरडांच्याच डोक्यावर आहे."

काचवालीने डोळे पुसून पाहिलं. खरंच होतं. चार महिने खपून तिनेच तो तिथे काढला होता.