खाडीपलीकडच्या शाळेची बोट

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी बोट आहे. माझं सारं आयुष्य उत्तर नॉर्वेतल्या हेस्टोया बेटावर गेलं.

बेटावर शाळा सातवीपर्यंतच होती. पुढे मुलगे कॉड मासे पकडायला जात आणि मुली मासे साफ करायला. मग सरकारने नऊ वर्षांचं शिक्षण सक्तीचं केलं. मोठी शाळा खाडीपलीकडे होती, म्हणून मला बांधलं गेलं.

ओसवाल्ड नावाचा कोळी मात्र आपल्या मुलीला, तुरीदला, पाठवेना. मला चालवणारा तांडेल आयलिफ त्याला म्हणाला, "अरे, आता कायदा आहे."

"मग कायद्यालाच पाठव मासे साफ करायला! आणि शिकलेली पोर परत येते होय? आपण दोघं म्हातारे बसू इथे एकमेकांची तोंडं बघत."

"बाबा, संध्याकाळी मासे मीच साफ करीन," असं म्हणत तुरीद दप्तर घेऊन चढली. माझा दोर ओसवाल्डनेच सोडला.

त्याची भीती खोटी नव्हती. मी नेलेली कितीतरी मुलं शहरातच राहिली आणि बेटावरच्या घरांना कुलपं लागली. तुरीदही दूर दक्षिणेला गेली. ओसवाल्ड रोज धक्क्यावर येई आणि हवा बघायला आलोय म्हणे.

पुढे सरकारने खाडीपलीकडे मत्स्यव्यवसायाची शाळा काढली, आणि तिथे शिकवायला तुरीद परतली. तिच्या विद्यार्थ्यांनी बेटावर मासे धुरावर सुकवण्याचा छोटा कारखाना टाकला. काही कुलपं उघडली.

तेवढ्यात नगरपालिकेने मला बंद करायचं ठरवलं. नगरपालिकेच्या हाल्दिसबाई सभेत म्हणाल्या, "मोजक्या मुलांसाठी बोट परवडत नाही. त्यांना वसतिगृहात ठेवा."

म्हातारा ओसवाल्ड काठी टेकत उठला. "ठेवा की, बाई! मग पोरांमागे आया जातील, आयांमागे बाप. कारखाना काय कुरव पक्षी चालवणार?"

सगळे हसले. हाल्दिसबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी प्रस्ताव मागे घेतला.

माझं लाकूड आता कुजलंय. नवी बोट मुलांना नेते, मी किनाऱ्यावर ओंडक्यांना टेकून उभी असते. रंग उडालाय, कुणी फारसं बघत नाही. त्याचं एवढं काही नाही. पण मित्रांनो, पट कमी म्हणून तुमच्या गावची शाळा किंवा शाळेची गाडी कुणी बंद करू लागलं, तर आईबाबांना सभेला पाठवा. आणि सांगा, मागे बसून ऐकू नका, उठून बोला.