एक नंबरचा बिल्ला

खाण व तेल खात्याला पंचाहत्तर वर्षं होणार, म्हणून खात्याचा इतिहास लिहायचं काम निवृत्त निरीक्षकसाहेबांच्या गळ्यात पडलं. पडलं कसलं, त्यांनीच मागून घेतलं. घरी बसून सुनेच्या कामात लुडबुड करण्यापेक्षा हे बरं. खातं एका गळक्या खोलीत दोन टेबलांवर सुरू झालं, पुढे तेलविहिरी निघाल्या तेव्हा दारावरच्या पाटीत 'व तेल' कसंबसं कोंबलं, हे सगळं त्यांनी हौसेनं रंगवलं. बुडालेल्या खाणीचं प्रकरण मात्र तीन ओळींत उरकलं: पाणी अचानक घुसलं, एकोणीस माणसं गेली, तपासणी नियमित होत होती.

कागद टाइप करायला खात्यातल्या टायपिस्ट बाईंकडे गेले. बाईंचा नवरा त्या एकोणिसांतला. त्याच्या बदल्यात खात्यानं बाईंना नोकरी दिली, आणि गेली बावीस वर्षं त्या कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांनी त्या तीन ओळीही निमूट टाइप केल्या.

मग प्रदर्शनासाठी त्या खाणीतला बिल्ल्यांचा फळा आला. खाली उतरताना आपला पितळी बिल्ला खिळ्यावरून काढून गळ्यात घालायचा, वर आलं की परत लावायचा, असा तिथला नियम. फळ्यावरचे एकोणीस खिळे रिकामे होते.

साहेब चिठ्ठ्या चिकटवत होते, बाई फडक्यानं बिल्ले पुसत होत्या.

"साहेब, बाकीचे सगळे झिजून गुळगुळीत झालेत," बाई म्हणाल्या. "हा एक नंबरचा तेवढा कोरा करकरीत. दोरीचं भोकसुद्धा घासलेलं नाही. कुणाचा हो हा?"

साहेबांच्या हातातल्या चिठ्ठीवर त्यांच्याच अक्षरात होतं: निरीक्षकांचा बिल्ला, प्रत्येक तपासणीत वापरलेला. जुना हरवला, हा नवा करून घेतला, असं ठोकून देता आलं असतं. अहो, त्या खाणीच्या तपासणीवर होते तेव्हा अकरा वर्षं ठोकून दिलंच होतं की. पण आज जीभ रेटेना.

"माझा," ते म्हणाले. "मी कधी खाली उतरलोच नाही, बाई. पहिल्याच दिवशी खाली नेणाऱ्या पिंजऱ्याच्या दारातून घाबरून मागे फिरलो. मग दर वेळी मॅनेजरच्या केबिनमध्ये चहा प्यायलो, आणि पाण्याची पातळी मागच्या अहवालातून उतरवून काढली."

बाईंनी हातातला बिल्ला परत खिळ्याला लावला. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं साहेबांना वाटलं. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. बाईंनी फडक्याची घडी केली आणि त्या कॉम्प्युटरसमोर जाऊन बसल्या.

"सांगा. त्या तीन ओळी बदलायच्यात ना?"

साहेब अडखळत सांगत गेले. बाई टाइप करत गेल्या. एका जागी त्यांची बोटं थांबली, मग पुन्हा चालू लागली.

"खाली हुद्दा टाकू की नाव?"

अहवालावर हुद्दाच असायचा. 'निरीक्षक' म्हटलं की माणूस सुटला.

"नाव," साहेब पुटपुटले.

"ऐकू नाही आलं."

साहेबांनी पुन्हा सांगितलं, या खेपेला बाईंकडे बघून.