संध्याकाळची गोळी

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टवरच्या एका आकड्याभोवती पेनानं गोल काढला आणि कागद बापापुढे सरकवला.

"रक्तातलं ई जीवनसत्त्व निम्म्यावर आलंय. गोळ्या दोन्ही वेळा देताय ना?"

"सकाळची हिची आई देते, संध्याकाळची मी. एक दिवस चुकलेला नाही."

अकरा वर्षांची थोरली खुर्चीच्या कडेला बसून नखं कुरतडत होती. आईबापांकडून आलेला, लाखात एखाद्या मुलाला होणारा आजार. ई जीवनसत्त्व अंगात टिकत नव्हतं आणि त्याविना नसा गंजल्यासारख्या झिजत होत्या. तो गंज रोखणारं अँटिऑक्सिडंट म्हणून तेच मोठ्या मात्रेत चालू होतं. दोन वर्षांत तिची चाल सावरली होती. पण एकदा गेलं ते सगळं परत येईलच असं नाही, हे बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

बापानं तो आकडा पुन्हा वाचला. औषधच लागू पडेनासं झालं असेल तर?

घरी आल्याआल्या त्यानं तिला ओट्यापाशी गाठलं.

"गोळी टाकून देतेस?"

"नाही."

"मग जाते कुठे? सांग, मी ओरडणार नाही." हे म्हणतानाच त्याचा आवाज चढला.

"संध्याकाळची न गिळता पिल्लूला देते. दोन महिने झाले."

पिल्लू म्हणजे धाकटी, पाच वर्षांची. ती गॅलरीत बाहुलीला दटावत होती. तिचीही तपासणी करून घ्या, असं बाई दोनदा म्हणाल्या होत्या. दोन्ही वेळा त्यानं कामाचं निमित्त पुढे केलं होतं.

"का पण?"

"ती भिंतीला धरून जिना उतरते, बाबा. डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो तिचा. मीपण आधी अशीच..." तिनं गॅलरीकडे पाहिलं. "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही घाबरला असता."

तो खालीच बसला. फरशी बसवण्यात त्याची हयात गेली होती. लोकांच्या घरातला केसभर चढउतार त्याच्या नजरेतून सुटत नसे.

दुसऱ्या दिवशी काम बुडवून त्यानं दोघींना दवाखान्यात नेलं. बाईंनी धाकटीला टेबलावर बसवून गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय हलला नाही. पुन्हा मारली.

"लागलं नाही," पिल्लू खुशीत म्हणाली. "अजून मारा."

बाईंनी हातोडी हळूच खाली ठेवली. "रक्त तपासू, पण हिलाही तोच आजार दिसतोय. आजउद्याच औषध सुरू करू. इतक्या लवकर सापडलं तर पुष्कळ काही वाचवता येतं. कोणाच्या लक्षात आलं?"

बापानं थोरलीच्या खांद्यावर हात ठेवला, तशी तिनं अंग चोरलं.

"माझी गोळी तिला आता नाही देणार, बाबा," ती पुटपुटली.