कपेलाचा बाक, नाक्याला उसना

सन एकोणीसशे सत्तेचाळीस, नोव्हेंबर महिन्याची नववी तारीख, वार रविवार. बेळगाव जिल्हा, खानापूर तालुका, कणकुंबीच्या पश्चिमेस घाटमाथ्यावर असलेल्या वाडीतील कपेलाचे अंगण. हे निवेदन मी या दिवशी व या जागी करीत आहे. स्थळकाळ आधी सांगून टाकण्याची सवय मला नाक्यावर लागली. तिथे याखेरीज दुसरे काही विचारतच नसत.

मी एक जुना बाक आहे. मित्रांनो, माझे लाकूड फणसाचे. एकोणीसशे सातच्या वादळात एक फणस उन्मळला आणि पुढच्या वर्षी रवळू सुताराने त्यातून मला घडविले. लांबी सहा हात, पाय चार, पाठ सरळ, आणि पाठीच्या मधोमध कोरलेला एक वीतभर क्रूस. रवळू स्वतः ख्रिस्ती नव्हता. क्रूस कोरण्यापूर्वी त्याने माझ्यावर हळदकुंकू वाहिले, आणि वाडीतील कोणीही त्याला हरकत घेतली नाही.

आमच्याकडे ख्रिस्ती लोकांच्या लहान देवळाला कपेल म्हणतात. वाडीचे कपेल इतके लहान की सर्व मंडळी चटईवर बसत, आणि बाक असा मी एकटाच. पाद्री महिन्यातून एकदा येत. पहिल्याच वर्षी एका सधन गृहस्थासाठी एका थकलेल्या म्हाताऱ्याला माझ्यावरून उठविण्यात आले. पाद्रींनी उपासना थांबविली आणि नियम सांगितला: ज्याला जमिनीवर बसवत नाही, त्याच्यासाठी हा बाक आहे, आणि त्यावर बसलेल्याला शेवटचे आमेन होईपर्यंत कोणीही उठवू नये. तीस वर्षे हा नियम कोणी मोडला नाही. म्हातारे, आजारी, दिवस गेलेल्या स्त्रिया अशांचा भार मी वाहिला. बाळाबाई मला दर पावसाळ्यापूर्वी करंजेल चोळी. तिचे बाप्तिस्म्याचे नाव निराळे होते, पण वाडी तिला बाळाबाईच म्हणे. पाद्री नसत त्या रविवारी प्रार्थना तीच सांगे.

एकोणीसशे एकोणचाळीस साली युद्ध सुरू झाले. घाटाखाली गोवा, म्हणजे पोर्तुगिजांचे राज्य, घाटावर इंग्रजांचे. तोपर्यंत घाट चढून येणाऱ्या माणसाला, वाडीच्या पश्चिमेस घाटाच्या तोंडाशी असलेल्या नाक्यावर, फारतर गाठोड्यात काय आहे ते विचारीत. आता तो माणूस कोण, हे विचारू लागले. नाक्याला फौजदार मिळाला, शिपाई मिळाले, जाडजूड नोंदवही मिळाली. मात्र थांबविलेल्या माणसांना बसायला काही मिळाले नाही. तेव्हा नाक्याचा कारकून इनास याने कपेलाकडे मला मागितले. बाक कपेलाचाच राहील. रविवारी सकाळी तो प्रार्थनेला जाईल आणि बाराच्या आत परत येईल. इनासने माझ्या पोटाखाली तांबड्या रंगाने क्रमांक घातला आणि वहीत लिहिले, ‘बाक एक, उसना.’

इनास हा कपेलाचाच माणूस. दर रविवारी तो पहिल्या चटईवर गुडघे टेकी, आणि आठवड्याचे बाकी दिवस, कागद नसलेल्या त्याच धर्माच्या माणसांना माझ्यावर बसवून मग घाटाखाली परत पाठवी. तो दुष्ट नव्हता. दुष्ट माणसाविषयी सांगणे सोपे असते. तो नेमका होता. सूर्यास्तानंतर एकही नोंद करावयाची नाही असा नियम होता, तर सूर्य डोंगराआड जाताच तो दौतीला बूच लावी.

कोणी म्हणेल, लाकडाला कसला पक्ष? माझे उत्तर असे आहे. ज्याच्यावर रविवारी माणसाला आदराने बसवितात आणि सोमवारी त्याच माणसाला उठवून हाकलतात, त्याने कोणताही पक्ष घेतला नाही तरी तो थकतो. मी थकलो. माझ्या पाठीवरचा क्रूस नाक्यावर भिंतीकडे असे, म्हणून बसणाऱ्यांना तो दिसत नसे. तो त्यांच्या पाठीला रुतत मात्र असे.

आता मी एकोणीसशे बेचाळीसच्या मे महिन्याकडे येतो. शनिवारी, सूर्य मावळल्यानंतर, रुजाय नावाची एक स्त्री घाट चढून नाक्यावर आली. तिला आठवा महिना सरत आला होता. तिचा नवरा कैतान बेळगावच्या कॅम्पात पलटणीचा पाव भाजणाऱ्या भट्टीवर कामाला होता. गावी तिचे कोणी उरले नव्हते, म्हणून ती त्याच्याकडे निघाली होती. कागद तिच्यापाशी नव्हता. इनासने दौतीला बूच लावलेले होते. फौजदार मारुतीराव घोड्यावर टांग टाकीत एवढेच म्हणाले, “सकाळी नऊला मी येतो. तवा बघू. कागद न्हाय म्हटल्यावर खाली धाडायचीच की.” घाटाची उतरण तीन कोसांची, सुट्या दगडांची. त्या अवस्थेत ती बाई ती उतरण उतरली असती काय, हे कोणी बोलून दाखविले नाही. ती माझ्यावर बसून राहिली. तिची पावले सुजून खडावांसारखी ताठ झाली होती.

रविवारी सकाळी वाडीतले भरमू आणि भावकू नेहमीप्रमाणे मला न्यायला आले.

“अण्णा, बाक न्यायचाय,” भरमू म्हणाला. “ह्यावर बाई हाय.”

“बाईला खाली बसवा आणि बाक न्या,” इनास वहीतून मान वर न काढता म्हणाला.

भावकूने रुजायकडे पाहिले, तिच्या पावलांकडे पाहिले. “तुमीच उठवा. आमी न्हाय बा. ह्या बाकावरच्याला उठवायचं नसतंय.”

“तो नियम कपेलात. हा नाका आहे.”

“व्हय? मग क्रूस काय नाक्यात आला की पुसतोय व्हय ओ?”

इनास उठला, रुजायपाशी गेला, उभा राहिला. तिने उठण्याचा प्रयत्न केला. माझी कड धरून ती अर्धी उठली आणि परत बसली. इनास आपल्या घड्याळाकडे पाहू लागला. मग तो चिडून म्हणाला, “बाईसकट न्या! पण बाराच्या आत बाक इथे पाहिजे.”

नाका उघडण्याची वाट पाहणाऱ्या दोन गाडीवानांना भरमूने हाक मारली. चौघांनी मला उचलले. “लई जड झालाय रं बाक,” एक गाडीवान म्हणाला. “एकाचा भार न्हाय त्यो, दोघांचा हाय,” भावकू म्हणाला, आणि रुजाय दोन दिवसांत पहिल्यांदाच हसली. अशा थाटाने आम्ही वाडीत शिरलो.

नऊ वाजता मारुतीराव आले, नाक्यावर बाई नाही असे पाहून कपेलापाशी आले. ते निपाणीकडचे, देवधर्म मानणारे गृहस्थ. त्यांनी बूट काढले आणि ते दारातच उभे राहिले. “संपली का प्रार्थना?”

“चालू हाय, सायेब,” बाळाबाई म्हणाली. “शेवटचं आमेन झाल्याबिगर बाकावरच्या माणसाला उठवायचं न्हाय. तुमच्याकडं आरतीतनं कुणाला वडून काढत्यात व्हय?”

“न्हाय,” मारुतीराव म्हणाले. “थांबतो मी. पर किती वेळ?”

“देवाला कुटं घाई हाय?”

मित्रांनो, त्या दिवशीची प्रार्थना माझ्या चाळीस वर्षांतील सर्वांत लांब प्रार्थना होती. जपमाळ तीन वेळा झाली. संतांची नावे झाली, प्रत्येक नावाला मंडळींचे ‘आमच्यासाठी विनंती कर’ झाले; काही संतांना बाळाबाईने दोनदा बोलाविले. अकरा वाजले. तिचा घसा बसला. नावे संपली, तेव्हा ती क्षणभर थांबली, आणि मारुतीरावांनी बुटात पाय घातला. मग ती पुन्हा सुरू झाली, पण आता ती संतांची नावे घेत नव्हती. घाट चढून येऊन या वाडीत राहिलेल्या एकेका माणसाचे नाव ती घेऊ लागली, आणि प्रत्येक नावानंतर मंडळी म्हणत, त्याच्यासाठी विनंती कर.

“दुष्काळात आलेला पेद्रू, संगं दोन पोरी.”

त्याच्यासाठी विनंती कर.

“प्लेगच्या साली आलेला आगुस्तीन. अंगात ताप. खानापुरात पोलिसांनी अडवला, म्हणून माघारी आला आन् माझ्या सासऱ्यानं गोठ्यात ठेवून घेतला. कागद न्हाय, पास न्हाय, काय सुदीक न्हाय.”

मंडळींनी विनंती केली. इनासने केली नाही. आगुस्तीन हा त्याचा आजा होता. पहिल्या चटईवर तो गुडघे टेकून होता. त्याची मान खाली गेली, ती बराच वेळ वर आली नाही. बाळाबाईने त्याच्याकडे एकदाही पाहिले नाही. हा तिचा चांगुलपणा होता की शिक्षा, याचा निर्णय मी अजून करू शकलो नाही.

पावणेबारा वाजले. इनासने घड्याळ पाहिले आणि तो उठला. “बाक बाराच्या आत नाक्यावर पाहिजे,” तो म्हणाला.

कपेलात एकदम गलका झाला. “अरं, लाज धर की!” कोणी ओरडले. भरमू म्हणाला, “प्रार्थना संपली न्हाय, अण्णा.”

“संपली असे मी म्हटले नाही. बाईला उठवा असेही म्हटले नाही. बाक न्या, असे म्हटले.”

चौघांनी मला पुन्हा उचलले. रुजाय माझी कड घट्ट धरून रडत होती. सगळी वाडी मागून, शिव्या घालीत आणि जप करीत. मला वाटले, माझे आयुष्य या एका फेरीसाठी घडविले असेल तर रवळूने ते लाकूड जाळले असते तरी बरे.

नाक्यावर इनासने दौतीचे बूच काढले, नवे पान उलटले आणि लेखणी उचलली.

“साहेब, बाईची नोंद करतो. काल सूर्यास्तानंतर नोंद होत नव्हती. ती वहीत नाही.”

“मग आता करा की.”

“नाव रुजाय. कागद नाही. कोणत्या बाजूने आली, असा पुढचा रकाना आहे. काय लिहू?”

मारुतीरावांनी त्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेविले. “तुमी काय बघितलं?”

“चार माणसांनी उचलून पूर्वेकडून आणली. आपणही मागून चालत आलात.”

“व्हय. आलतो खरा.” मारुतीरावांनी मिशीवरून हात फिरविला. “आन् कागद नसला तर हुकूम काय हाय?”

“ज्या बाजूने आली, त्या बाजूस परत पाठवावी.”

“पूर्वंला?”

“पूर्वेला.”

“हुकूम म्हंजे हुकूम,” मारुतीराव म्हणाले, आणि त्यांनी सही केली.

रुजायला एका गाडीत गवतावर निजवून बेळगावकडे धाडले. ती पोचली, बाळंत झाली, मुलगी झाली. त्यानंतर दर नाताळला बेळगावहून पावांची एक टोपली बाळाबाईला येई. वाटेत ते पाव विटेसारखे कडक होत. वाडी ते चहात बुडवून खाई.

येथे थांबलो असतो तर माझी कथा गोड झाली असती. पण तीन महिन्यांनी वरचा अधिकारी आला. त्याने वही वाचली, सर्वांना विचारले, आणि दोष कोणाचा हे ठरविता न आल्यामुळे तो माझ्यावर ठेविला. इनासची बदली निपाणीपलीकडे कोगनोळीच्या नाक्यावर झाली. माझ्याविषयी हुकूम झाला की बाक यापुढे चौकी सोडून जाणार नाही. ‘उसना’ हा शब्द खोडला गेला. पाच वर्षे मी कपेल पाहिले नाही. पाच वर्षे कपेलातील म्हाताऱ्या जमिनीवर बसल्या, आणि बाळाबाईचे गुडघे त्यातच गेले. एका बाईच्या वाटेची ही किंमत दिली गेली, आणि ती ज्यांनी दिली त्यांनी ती कधी बोलून दाखविली नाही. नाक्यावर मला तेल मिळाले नाही. माझा डावा मागचा पाय वाळवीने खाल्ला.

यंदा राज्य बदलले. नाका बदलला नाही. पण नव्या फौजदाराला खुर्च्या मिळाल्या, आणि मला अंगणात पावसात टाकण्यात आले. आज भरमूने व भावकूने, दोघेही आता पिकलेल्या केसांचे, मला उचलून येथे आणिले आहे. पायाखाली चपटा दगड दिला आहे. जळणात घालावे की आत न्यावे, यावर मंडळींचे एकमत नाही.

मित्रांनो, माझी विनंती लहान आहे. लाकडाला वर्षातून एकदा तेल लावा. दाराशी आलेल्या माणसाला काय विचारायचे ते विचारा, राज्ये विचारणारच. पण आधी त्याला बसवा, आणि उभा राहू शकत नाही तोवर उठवू नका.

बाळाबाई काठी टेकीत आली. तिने माझ्या पाठीवरचा क्रूस पदराने पुसला, मला हलवून पाहिले, आणि सावकाश बसली. मी करकरलो. सगळे तिच्या तोंडाकडे पाहू लागले.

“डुगडुगतोय,” ती म्हणाली. “पर बसवून घेतोय. आत न्या.”