वेणीची सावली

“श्वास घ्या. आत धरून ठेवा,” काचेमागून तो म्हणाला आणि बटणावरचं बोट त्याने मागे घेतलं. पलीकडे एक्स-रेच्या पाटीला छाती टेकवून उभी असलेली त्याची बहीण हसत होती. तिचे खांदे हलत होते.

“घ्या काय, घ्या? मला अहोजाहो कधीपासून?”

“सवय आहे, ताई. हलू नकोस.”

“मग हसवू नकोस.”

या खोलीत बावीस वर्षं तो लोकांच्या छातीचे, मणक्याचे, मोडलेल्या मनगटांचे एक्स-रे काढत होता. घरच्या माणसाला त्या पाटीसमोर उभं करायची वेळ पहिल्यांदाच आली होती. ताईला दीड महिना खोकला होता. धुळीचा आहे, जाईल, म्हणत तिने दोनदा टाळलं. आज शुक्रवारी तो तिला जवळजवळ ओढूनच घेऊन आला होता.

पडद्यावर चित्र उमटलं. त्याने आधी कडा तपासल्या. खांदे सरळ होते, हनुवटी मध्ये आलेली नव्हती. मग त्याची नजर वर डावीकडे गेली, म्हणजे ताईच्या उजव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली. तिथे पांढरट काहीतरी होतं. लहान लिंबाएवढं, कडेने विस्कटलेलं.

वेणी असेल, त्याने स्वतःला सांगितलं. वेणी खांद्यावर आली की छातीच्या फोटोत अशी सावली पडते. नवीन येणाऱ्यांना तो सगळ्यात आधी हेच शिकवायचा.

“ताई, केस वर बांध. परत काढू.”

“एवढीशी तर शेपटी उरलीय,” तिने वेणी हातात धरून दाखवली. “तिची कसली अडचण?”

“बांध ना.”

तिने केस डोक्यावर गुंडाळले. त्याने पुन्हा बटण दाबलं. दुसऱ्या चित्रात वेणी नव्हती. ते पांढरट मात्र तिथेच होतं.

खोलीतला एसी अंगावर येतोय असं त्याला वाटलं. तळहात मात्र ओले झाले होते. त्याने ते पँटला पुसले आणि बाहेर आला.

“आलं का नीट?”

“आलं. छान उभी राहिलीस.”

“काय दिसतंय?”

“ते डॉक्टर सांगतात. मला नुसतं काढता येतं.”

हे खोटं होतं. ताईने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि पिशवी उचलली.

रिपोर्ट देणारे डॉक्टर सुट्टीवर होते, सोमवारी येणार होते. त्याने त्यांना फोटो पाठवला. शनिवारी दुपारी मोबाईल वाजला. ‘सोमवारी सकाळी लवकर आणा. सीटी करू.’ एवढंच. काळजी करू नका असं डॉक्टर एरवी लिहायचे. तो मजकूर त्याने वर-खाली सरकवून पाहिला, आणखी काही राहिलंय का म्हणून.

“अहो, पानावर बसलाय की ध्यानाला?” बायको म्हणाली.

त्याने घास तोंडात टाकला. तिला सांगितलं असतं तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं असतं, आणि ताई शेजारच्याच खोलीत बसून जुन्या वहीत काहीतरी लिहीत होती. मधूनच खोकत होती. खोकला थांबला की तो कान देऊन तिच्या श्वासाचा आवाज ऐकायचा.

रविवारी ती उजाडताच तयार होऊन बसली.

“आज राहू दे का, ताई? थंडी आहे.”

“थंडी आहे म्हणूनच जायचं. धोबी पक्षी आले असतील.” बुटाची नाडी आवळत ती म्हणाली. “बारक्या, तू आळशी झालायस हं.”

अट्ठेचाळीस वर्षांच्या माणसाला बारक्या म्हणणारी जगात ती एकटीच उरली होती.

गावाबाहेर दगडाची एक बंद पडलेली खाण होती. तळाशी पाणी साठलं होतं आणि कडेने झुडपं माजली होती. अकरा वर्षं ते दोघं दर रविवारी तिथे जात. ताईने छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासली होती. निवृत्त झाली आणि अक्षरं संपली, तेव्हा आता काय वाचू, म्हणून ती हे वाचायला लागली. भेगेतली निळी गवतफुलं कधी उमलली, टणटणीवर पिवळी फुलपाखरं कधी कमी झाली, खंड्याने यंदा कोणत्या दरडीत बीळ केलं, सगळं तारखेसह वहीत. फोटो तो काढायचा. ताईची वही आणि त्याचे फोटो शेजारी ठेवले की एक आख्खं वर्ष पुढ्यात यायचं.

ताई पुढे चालत होती. पायवाट चढणीची होती, पण तिच्यासाठी कधी चढण नसायची. आज ती तीनदा थांबली. प्रत्येक वेळी थांबायला तिने काहीतरी कारण काढलं. एकदा कोळ्याचं जाळं. एकदा वाळलेलं बोंड. तिसऱ्यांदा कारण सापडायच्या आत खोकला आला. ती पाठ फिरवून वाकली आणि तोंडाशी रुमाल धरला.

तो वीस पावलं मागे होता. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. लांबचं भिंग रुमालावर नेलं आणि जवळ आणत गेला, इतकं की तिच्या बोटांवरच्या सुरकुत्या दिसायला लागल्या. रुमालावर काही लाल आहे का, एवढंच त्याला पाहायचं होतं. चित्र स्थिर राहत नव्हतं. ताईने रुमाल दुमडला आणि कमरेला खोचला. त्याला काही दिसलं नाही.

बोट मात्र बटणावर दाबलं गेलं होतं.

पाण्याशी धोबी आलेच होते. दोघं होते, शेपट्या वरखाली करत काठावर धावत होते. ताईने वही उघडली.

“गेल्या वर्षीपेक्षा नऊ दिवस उशीर. कुठे अडकले होते कोण जाणे.” तिने लिहिलं. मग पेन्सिल कानामागे ठेवून म्हणाली, “उन्हाळ्यात या बाभळीवर चष्मेवाल्या पक्ष्यांचं घरटं होणार बघ. आतापासूनच जोडी फिरतेय. तेव्हा तू ते मोठं भिंग आण.”

उन्हाळा. त्याने महिने मोजले आणि मध्येच सोडून दिले.

“आणशील ना?”

“आणतो.”

ती खडकावर बसून पाण्याकडे बघत होती. तो मागे, बाजूला, पुन्हा मागे फिरत होता. कॅमेऱ्याचा बारीक आवाज होत राहिला. आपण काय करतोय, हे त्याला नीटसं कळत नव्हतं. थांबलो तर काहीतरी हातातून जाईल, एवढंच कळत होतं.

“बघू तरी, कसे आलेत,” ताईने हात पुढे केला.

“घरी बघू. मोठ्या पडद्यावर.”

“आण इकडे.”

लहानपणी खिशातला दगड काढून द्यावा लागायचा, तसा त्याने कॅमेरा दिला. ताईने चष्मा कपाळावर सरकवला आणि अंगठ्याने एकेक फोटो मागे नेऊ लागली. तिचा चेहरा हलला नाही. अंगठा हलत होता. बऱ्याच वेळाने थांबला.

“यात धोबी कुठे आहेत?”

त्याने खिशातलं भिंगाचं झाकण चाचपलं.

“माझा कान आहे. माझी पाठ आहे. हा रुमाल.” तिने आणखी एक मागे नेला. “हा पण रुमाल.”

पाण्यावर कसलासा तरंग उठला आणि काठापर्यंत आला.

“कोणत्या बाजूला आहे?” तिने विचारलं. फुलाची जात विचारावी तशा आवाजात.

त्याने हात उचलून आपल्याच शर्टावर, उजवीकडे, गळ्याच्या हाडाखाली ठेवला.

ताईने मान हलवली. तिने चष्मा खाली घेतला, काच पदराने पुसली, पुन्हा लावला.

“किती मोठं?”

“ताई, खरंच डॉक्टरच सांगतील. कधीकधी नुसता संसर्ग असतो. जुना डाग असतो. मी कितीदा पाहिलंय, लोक घाबरून येतात आणि...”

“बरं.” तिने त्याला पुढे बोलू दिलं नाही. “उद्या किती वाजता?”

“आठला.”

“मग सातला निघू. तुझ्या बायकोला आज संध्याकाळी मी सांगेन. तू सांगायला गेलास तर तीच तुला धरून बसेल.”

तो हसला. हसताना घशातून भलताच आवाज निघाला आणि त्याने मान दुसरीकडे वळवली.

“ऊठ,” ताई म्हणाली. “त्या खडकावर बस. अकरा वर्षं झाली, तुझा एक फोटो नाही या कॅमेऱ्यात.”

“मला कशाला?”

“बस म्हणते ना.”

तो जाऊन बसला. ऊन समोरून येत होतं. ताईने कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात अडकवला आणि कोपरं अंगाशी घट्ट धरली. त्यानेच कधीतरी तिला तसं शिकवलं होतं. कॅमेऱ्यामागे तिचा चेहरा पूर्ण झाकला गेला.

“हास जरा.”

तो हसला. गाल दुखेपर्यंत तसाच बसला. आवाज झाला नाही.

“काढलास?”

“थांब. अजून नीट दिसत नाहीये.”

त्याने उन्हात डोळे बारीक करून पाहिलं. तिचं बोट बटणावर नव्हतंच. दोन्ही हातांनी तिने कॅमेरा चेहऱ्याशी दाबून धरला होता आणि भिंगाचं टोक थरथरत होतं.

तो हसतच बसून राहिला.