चारशे बारा सह्यांची बस

मित्रांनो, तुमचा चेंडू ज्या कुंपणापलीकडे पडतो, तिथे वाळूत चाकं रुतवून उभी आहे ती मी, एक जुनी बस. माझे थांबे सांगते. तीच माझी गोष्ट.

थांबा पहिला, १९९४.
नवा पांढरा रंग. चव्वेचाळीस आसनं. रायगडचे गनीभाई माझे ड्रायव्हर. आखाती देशातल्या सोनापूरच्या कामगार वस्तीतून कारखान्यांकडे आमची फेरी. सगळे माझं कौतुक करत.

थांबा दुसरा, १९९९.
तिकिटांतून डिझेलही निघेना. मोठ्या कंपन्यांच्या स्वतःच्या गाड्या होत्या. त्यांत परका माणूस चढू शकत नसे. मला बंद करायचं ठरलं. गणवेश शिवणाऱ्या खैरुन्निसाआपांकडे मात्र दुसरी गाडी नव्हती. टॅक्सीत अर्धा पगार गेला असता. नोकरी सोडून दापोलीला परतणं, एवढंच उरलं होतं.

त्यांनीच बस चालवणाऱ्या कंपनीचे मॅनेजर उपेंद्रसाहेबांना गाठलं. पगारपत्रकावरच्या प्रत्येक नावामागे दोन दिरहम कारखान्याच्या मालकानं दरमहा द्यावेत, बस सर्वांची. दोन दिरहम म्हणजे तेवीस रुपये. साहेबांनी मालकांना पटवलं. मालकांची अट एकच: बस हवी, असं चारशे कामगारांनी लिहून द्यावं.

थांबा तिसरा.
सही? कुणी करेना. सही केली की हिशोब देऊन घरी पाठवतात, हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक. आठवड्यात सह्या झाल्या अकरा.

थांबा चौथा. इथे मी हललेच नाही.
आपांनी गनीभाईंना दार उघडं ठेवायला सांगितलं आणि पायरीवर उभं राहून कागद वाचला. मराठीत, मग हिंदीत.

"सही मारली आणि उद्या विमानात बसवलं तर?" दगडू गवंडी म्हणाला.

"फुकटचं विमान असतं तर तुझ्याआधी मीच बसले असते. पैसे मालक देणार. तुझ्या पगारातून एक फिल्स, एक पैसा जरी कापला, तर माझ्याकडून घे."

लोक हसले. दगडूनं पेन मागितलं. त्याच्यामागे रांग लागली. ज्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांनी अंगठे उठवले.

चारशे बारा.

थांबा पाचवा, सहावा, सातवा...
मी आणखी सात वर्षं धावले. भरून, हॉर्न वाजवत, आपांना पहिल्या आसनावर बसवून.

शेवटचा थांबा.
मित्रांनो, तुमच्या गावातली बस जपा. ती रिकामी दिसली तरी तिची वाट पाहणारं कुणी असतं. आणि चेंडू घ्यायला आलात, तर माझ्या काचा पुसा. ड्रायव्हरच्या आसनाच्या वर चिकटवलेला तो सह्यांचा, आता पिवळा पडलेला कागद मात्र काढू नका. ते माझं इंजिन आहे.