तळघर ते पाचवा मजला

कुठल्या वहीला लाल पुठ्ठा आणि कुठल्या वहीला हिरवा, एवढं विचारायला सून दुपारपर्यंत सात वेळा पाचव्या मजल्यावर जाऊन आली. बाइंडिंगचा कारखाना तळघरात, तिथे मोबाइलला रेंज नाही. सासूबाई वर घरात बसून पानांची शिलाई करायच्या. तीस वर्षांपूर्वी कारखाना त्यांनीच उभा केला होता. पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तळघराचा लोखंडी जिना त्यांना बंद झाला. आणि लिफ्ट तळमजल्याच्या खाली जात नव्हती.

आठव्यांदा सून दारात उभी राहिली ती चप्पल न काढताच. "आई, उठा. आज वॉकीटॉकी आणूच."

"आत्ता?" म्हणेपर्यंत सासूबाईंनी काठी हातात घेतलीही होती.

दुकान दोन गल्ल्या पलीकडे. दुकानदाराने लांबलचक एरियलची काळी जोडी काउंटरवर ठेवली. "ही घ्या काकू. दहा किलोमीटर!"

"दहा किलोमीटरवर आमचं कोण बसलंय? आम्हाला सहा मजले पुरेत."

दुकानदार हसला. "खरं सांगू? तो आकडा मोकळ्या मैदानातला. मधे स्लॅब आले की भल्याभल्यांची बोबडी वळते. ही पिवळी बुटकी जोडी पण न्या, दोन्ही घरी लावून बघा. ठेवायची ती ठेवा."

रस्त्यात सासूबाईंना कुठला दम निघतोय! त्यांनी काळ्या सेटचं बटण दाबलं, "हॅलो, हॅलो!" आणि सोडलं. आतून जाडाभरडा आवाज आला, "कोण ते? मधे बोलू नका, क्रेन चालू आहे!"

समोरच्या अर्धवट इमारतीवर खरोखरच क्रेन फिरत होती. "चुकलं हो, चालू द्या तुमचं," म्हणून त्यांनी सेट घाईघाईने सुनेच्या हातात कोंबला. "बाई गं! आपण दुसऱ्यांच्या घरात शिरलो!"

"चॅनेल बदलायचा असतो, आई," सून हसून हसून बेजार झाली होती.

घरी आल्यावर काळी जोडी पहिल्याच परीक्षेत नापास झाली. बटण इतकं कडक, की सासूबाईंना दोन्ही अंगठे लावावे लागले, आणि तळघरात नुसती खरखर. मग पिवळी. बटण रुंद, मऊ. सून धडाधडा खाली उतरली आणि लगेच आवाज आला, स्वच्छ, कानाशी बसून बोलल्यासारखा.

"सूनबाई! ऐकू येतंय का गं?"

"येतंय, आई, येतंय!" सून ओरडली.

"येतंय का? अगं, बोल की! गप्प का? पडलीबिडलीस की काय?"

सूनबाईने चारदा उत्तर दिलं, पण वरून सरबत्ती थांबेना. शेवटी ती धावत जिना चढली, लिफ्ट वर गेलेली, म्हणून पाचही मजले चढली.

"आई, बटण सोडा! तुम्ही दाबूनच धरलंत तर माझा आवाज येणार कसा?"

"म्हणजे मी एकटीच बडबडत होते?" सासूबाईंनी कपाळावर हात मारला, आणि दोघी हसत सुटल्या.

दुसऱ्या खेपेला सगळं सुरळीत. सून बोलता बोलता कटिंग मशीनवर पुठ्ठा कापू लागली.

"थांब!" तिने बटण सोडताच वरून आवाज आला. "पातं घासतंय. डावीकडचा स्क्रू बघ."

सूनबाईने मशीन बंद केलं. स्क्रू खरंच सैल झाला होता, बोटाने फिरत होता.

"आई, तुम्हाला वरून कसं कळलं?"

सासूबाई हळूच म्हणाल्या, "वर्षभराने ऐकलं गं मशीन. रोज चालू ठेवशील ना हा सेट?"

"रोज."

काळी जोडी परत करायला सून एकटीच निघाली. पिवळा सेट मात्र सोबत ने, असा सासूबाईंचा हुकूम होता. "बोलत बोलत जा. कुठपर्यंत पोचतंय ते कळू दे."

ती सांगत गेली: फाटक, पहिली गल्ली, पिठाची गिरणी. दुसऱ्या गल्लीच्या वळणावर आवाज तुटला. सून दोन पावलं मागे आली.

"...अगं, आलीस!" सासूबाई आनंदाने ओरडल्या. "आता तिथेच उभी राहून सांग, गिरणीत गर्दी आहे का?"